वर्तकांची मागची जागा

वर्तकांच्या घरी भिंतीला पाठ टेकून बसायची सोय नव्हती. त्यांचा सोफा हॉलच्या ऐन मधोमध, आणि त्याच्या मागे भिंतीपर्यंत आणखी एक बिऱ्हाड मांडता येईल एवढी मोकळी जागा. आपण खाली सतरंजीवर बसलो आणि सवयीने भिंतीकडे सरकलो, की वर्तक हातातला चहाचा कप खाली ठेवत आणि म्हणत, "जरा पुढे या. मागे जागा सोडा."

मी एकदा विचारलं, "वर्तक, ही भिंत काय हलणार आहे का?"

"ही नाही हलणार. पण टेकायची सवय वाईट."

अबूधाबीजवळच्या मोहम्मद बिन झायद सिटीत एकाच व्हिलात ते खाली आणि आम्ही वर राहत होतो. वर्तक हायवेच्या कामांवर सेफ्टी इंजिनियर. रस्त्याचं काम चालू असताना धावत्या गाड्या आणि कामगार यांच्यामध्ये काँक्रीटचे कमरेएवढ्या उंचीचे लांबट ठोकळे मांडतात, ते बॅरियर हा त्यांचा जीव की प्राण. इतर लोक क्रिकेटवर बोलत. वर्तकही क्रिकेटवर सुरुवात करत, पण क्षेत्ररक्षणापर्यंत आले की पुढची गाडी बॅरियरवरच जायची.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही एक परीक्षा होती. आम्ही दोन्ही कुटुंबं कधीमधी शुक्रवारी खोर फक्कानच्या समुद्रावर जायचो. वाटेत कुठे काम चालू दिसलं की वर्तकांची गाडी बैलगाडी व्हायची. मागचे लोक हॉर्न वाजवून हैराण.

"अहो, सुट्टी आहे आज. यल्ला, चला ना," नीलिमावहिनी म्हणायच्या.

"थांब गं. त्या मंडळींचा हात सुटलाय."

मंडळी म्हणजे ठोकळे. दोन ठोकळ्यांना जोडणारी लोखंडी पिन असते, ती कुणी घातलेली नसली की वर्तकांच्या भाषेत हात सुटला. "हात धरून उभे असले तर भिंत. नाहीतर नुसते दगड, आणि तेही रस्त्यावर," असं ते समजावत. मग त्यांची मुलगी सई मागच्या सीटवरून म्हणायची, "बाबा, इट्स नॉट ईव्हन युअर साइट."

"रस्ता आपलाच आहे ना पण?"

सई डोळे फिरवायची आणि समुद्र आला की सगळ्यांच्या आधी उतरून तंबू लावायला घ्यायची. तंबू म्हणजे चार दांड्यांवर निळं-पांढरं छप्पर, बाजूंनी उघडं. छपराच्या झालरीवर तिने मार्करने मोठ्या अक्षरांत स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं. त्या तंबूत आम्ही पोहे खाल्ले, पत्ते खेळलो आणि बॅरियरवरची व्याख्यानं ऐकली.

त्यातलं एक व्याख्यान मात्र माझ्या मनात रुतून बसलं. वर्तक म्हणाले, "लोकांना वाटतं बॅरियर हलत नाही. अहो, तो हलायलाच हवा. ट्रक घासला की सगळी रांग मिळून मागे सरकते, म्हणून ट्रकमधला वाचतो. पण मागे कोण बसलेलं असतं?"

"कोण?"

"आमचीच पोरं. या वाळवंटात झाड नाही. दुपारच्या सुट्टीत सावली एकच, बॅरियरची. तिथे पाठ टेकून जेवतात आणि तिथेच झोपतात. त्यांना वाटतं, काँक्रीट आहे, इथे काय होणार? मी उठवतो तर मलाच शिव्या." साइटवर त्यांना 'धूपवाला साब', म्हणजे उन्हात बसवणारा साहेब, म्हणत, हेही त्यांनीच सांगितलं. सांगताना हसले, पण ते त्यांना लागलं होतं हे मला कळलं.

मग २००८ची मंदी आली. आमच्याकडे ती जरा उशिरा पोचली, पण पोचली ती मुक्कामालाच. भेटल्यावर लोक 'कसे आहात' विचारायच्या ऐवजी 'फॅमिली पाठवली का' असं विचारायला लागले. वर्तकांच्या हायवेचं काम अर्ध्यावर थांबलं. घरभाड्याचा भत्ता गेला. उन्हाळ्याची सुट्टी लागली तशी नीलिमावहिनी आणि सई पुण्याला गेल्या, या वेळी शाळेचा दाखला घेऊन.

त्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो, तर सोफ्याच्या मागच्या जागेत तंबू उभा. निळं छप्पर एसीच्या वाऱ्यावर हलत होतं. आत एक उशी, पाण्याची बाटली आणि वर्तकांचा चष्मा.

"हे काय?"

"सईने लावलाय जायच्या दिवशी. म्हणाली, बाबा, डोन्ट रिमूव्ह इट टिल आय कम बॅक." वर्तक जरा ओशाळले. "काढायचा कसा मग? मीच बसतो आत. पेपर वाचतो."

मी वर येऊन बायकोला सांगितलं. आधी आम्ही हसलो, मग ती म्हणाली, "आजपासून त्यांचं रात्रीचं जेवण आपल्याकडे. आणि दुपारचा डबाही."

जेवताना वर्तक फक्त साइटबद्दल बोलायचे. काम थांबलं होतं, पण वळवलेला रस्ता चालू होता आणि तो सांभाळायला थोडे कामगार ठेवले होते. मॅनेजरने खर्च कमी करायचा म्हणून पोर्टा केबिन, म्हणजे साइटवरच्या उचलून नेता येणाऱ्या खोल्या, आणि त्यांच्या शेजारची, वर्तकांनी भांडून मिळवलेली सावलीची शेड दुसऱ्या साइटवर हलवली. कामगार पुन्हा बॅरियरच्या मागे जाऊन बसले. वर्तक मॅनेजरकडे गेले, तर तो म्हणाला, "वर्तक साब, प्रोजेक्ट खलास हो रहा है और आप शेड मांगते हो? बोर्ड लगा दो, डोन्ट सिट हिअर."

"लावला बोर्ड," वर्तक वरणात भात कालवत म्हणाले. "आता त्या बोर्डाच्या सावलीतही एक जण बसतो."

मी हसलो. ते हसले नाहीत. "उठवतो मी रोज. पण उठून कुठे जा सांगू? जुलै महिना आहे. कुणाचा तरी मुलगा माझ्या डोळ्यांदेखत चेपला जाणार हो." त्या दिवशी ते ताक न घेताच खाली गेले.

पुढे माझा मेहुणा मुंबईहून आला. त्याला समुद्र दाखवायला न्यायचं म्हणून मी वर्तकांकडे तंबू मागितला. ते दारातच उभे राहिले. "तो फाटला," म्हणाले. त्यांच्या खांद्यावरून मला हॉल दिसत होता. सोफ्यामागची जागा रिकामी होती. इतक्या जपलेल्या वस्तूबद्दल हे उत्तर मला रुचलं नाही. नसेल द्यायचा तर सरळ सांगावं, असं पुटपुटत मी जिना चढलो.

त्याच महिन्यात मी हमरिया फ्री झोनमधलं ऑफिसचं काम आटोपून दुपारचा परतत होतो. वर्तकांच्या साइटशी रस्ता वळतो तिथे मला निळं-पांढरं छप्पर दिसलं. बॅरियरपासून चांगलं लांब, वाळूत, दांड्यांना दगड बांधलेले. झालरीवर सईचं नाव. मी गाडी आत घेतली.

छपराखाली कामगार अंग चोरून झोपले होते, आणि त्यांच्या मधोमध मांडी घालून वर्तक जेवत होते. डबा आमच्याकडचाच होता, पण त्यातली भाजी दुसऱ्यांच्या ताटात गेली होती आणि वर्तकांच्या पुढ्यात कामगारांची डाळ होती. मला पाहून ते चोरी पकडल्यासारखे उठले.

"फाटलेला नाही तो," ते म्हणाले.

"दिसतंय."

ते मला बॅरियरकडे घेऊन गेले. रांग एका जागी आत वाकली होती. काँक्रीटवर टायरचे काळे ओरखडे होते. "काल. याच वेळेला. ट्रेलर घासला. ड्रायव्हर चालत उतरला, बघा. सगळ्या पिना जागच्या जागी." त्यांनी वाकून एका ठोकळ्याच्या मागची वाळू दाखवली. जुन्या गोणपाटाची कड त्याच्याखाली दबली होती. "तो कडेला झोपलाय ना, रामदुलार, तंबू येईपर्यंत इथे झोपायचा. ते त्याचं अंथरूण."

मी नुसता त्यांचा हात धरला. पुटपुटत जिना चढल्याची मला अतोनात लाज वाटली.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. सई होती, पुण्याहून. आवाज मोठा, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"बाबा, इज माय टेंट स्टिल देअर?"

वर्तकांनी माझ्याकडे पाहिलं, मग छपराकडे. "आहे गं. उभा आहे. फक्त मी तो जरा हलवलाय. रागावशील?"

ती म्हणाली, "ओके. बट डोन्ट सिट इन इट ऑल अलोन, बाबा."

छपराखाली रामदुलार कूस बदलत होता. वर्तकांची ताटासमोरची जागा कुणीतरी झोपेत पाय पसरून केव्हाच घेतली होती.

"नाही गं," वर्तक म्हणाले. "आत जागाच नाही."