हंगामी न्यायतज्ज्ञ

न्यायाची पहिली अट ही, की तो घाईने करू नये. नाशिकमधल्या एका विधी महाविद्यालयाने ही अट इतक्या निष्ठेने पाळली, की १९७४ साली मंजूर झालेली प्राध्यापकाची राखीव जागा १९८६ सालीही कोरी करकरीत होती.

त्या जागेवर सावळीराम गांगुर्डे हंगामी शिकवत. जूनमध्ये नेमणूक, एप्रिलमध्ये निरोप. (मे महिन्यात समता विश्रांती घेते.) विषय: 'उच्च शिक्षणातील समान संधी व कायदा'. तो दुसऱ्या कुणाला नको होता म्हणून सरांकडे आला. सरांनी तो इतका मनावर घेतला, की राखीव जागा रिक्त का राहतात यावर प्रबंध लिहून ते डॉक्टर झाले. माहिती गोळा करायला त्यांना कॉलेजच्या फाटकाबाहेर जावं लागलं नाही.

नाशिक रोडच्या घरी आई भिमाबाई दर उन्हाळ्यात विचारी, "तुझा बाप अंगठा लावून नोटांच्या प्रेसात परमनंट झाला. तुला तर इंग्रजीत सही येती. मग काय नडतंय?"

"प्रक्रिया चालू आहे, आई."

"चालू हाय ना? मग पोचत का नाय ती?"

अखेर १९८६च्या जूनमध्ये मुलाखत ठरली. अर्जदार एकच. नियमानुसार समितीत विषयतज्ज्ञ हवा. विद्यापीठाने कळवलं, या विषयाचे जाणकार एकच: डॉ. गांगुर्डे. त्यामुळे सरांना दोन बोलावणी आली. उमेदवार म्हणून स्वखर्चाने यावे. तज्ज्ञ म्हणून आल्यास भत्ता मिळेल.

सर इस्त्रीचा शर्ट घालून गेले.

"या डॉक्टर," प्राचार्य म्हणाले. "कुठल्या खुर्चीत बसता?"

सरांनी उमेदवाराची खुर्ची ओढली.

"म्हणजे तज्ज्ञ गैरहजर. मुलाखत बेकायदेशीर."

सर टेबलाला वळसा घालून पलीकडे बसले.

"आता उमेदवार गैरहजर. शिवाय स्वतःच्या प्रकरणात कुणी पंच होऊ नये, हे तुम्हीच शिकवता ना?"

"मग बाहेरून दुसऱ्या कुणाला बोलवा," सर म्हणाले.

"तुमच्याहून कमी जाणणारा माणूस तुमची परीक्षा घेणार? हा अपमान आम्ही होऊ देणार नाही."

सर्वांनी चहा घेतला. शेरा पडला: 'योग्य तज्ज्ञ न मिळाल्याने जागा रिक्त.'

"आता काय नडलं?" घरी भिमाबाईंनी विचारलं.

"मीच, आई."

प्रबंधाचं पुस्तक करताना सरांनी या प्रसंगावर नवं प्रकरण घातलं. त्यामुळे त्यांचं ज्ञान वाढलं, आणि त्यांच्या तोडीचा तज्ज्ञ मिळण्याची आशा तेवढीच घटली.

पुढे ते पुस्तक अभ्यासक्रमाला लागलं. त्यावर हमखास प्रश्न येतो: 'राखीव जागा रिक्त का राहते?' (गुण दहा.) उत्तर सोपं आहे: योग्य तज्ज्ञ मिळत नाही. तुम्हीही तेच लिहिलं होतंत, म्हणून तर पास झालात. आता त्याच निवड समितीत एक खुर्ची तुमची. चहात साखर चालते ना?