आधी मेंदू, मग हातपाय

"आई, ते बटण आधी दाबायचं नाही हं," संशोधक म्हणाले.

"मी कुठे दाबतेय? धूळ पुसतेय," सासूबाई म्हणाल्या. "टेबल माझं आहे, एवढं तरी आठवतंय ना?"

टेबल त्यांचंच होतं. घरचे आणि वर पाहुणे आरामात जेवतील एवढं मोठं. पण दोन वर्षांपासून त्यावर जावईबापूंचं यंत्र ठाण मांडून बसलं होतं आणि घरचे लोक मांडीवर ताटं घेऊन जेवत होते. जावईबापू पोटासाठी विमा कचेरीत फायली पुढे सरकवत. घरी आले की मात्र ते संशोधक होत. हे नाव बायकोने ठेवलं होतं आणि ते कौतुकाने ठेवलेलं नाही, हे कळायला त्यांना काही महिने लागले.

संगणकावर चित्र काढायचं आणि यंत्राने ते लाकडात आपलं आपण कोरायचं, असं ते सीएनसी यंत्र होतं. बाजारात ते तयार मिळतं, पण तयार आणलं तर संशोधन कसलं? म्हणून मोटरी भंगारातून आल्या आणि मोटरींना वीज मोजून देणारे ड्राइव्ह संशोधकांनी घरीच, बोटं भाजून घेत तयार केले. त्यांतला पहिला धूर सोडून गेला. दुसरा धूरसुद्धा न सोडता गेला. पुढचे टिकले, पण फार लहरी निघाले.

त्या लहरींवर उपाय म्हणजे क्रम. संशोधक तो घरात येईल त्याला ऐकवत, मग तो गॅसवाला का असेना.

"हा कंट्रोलर म्हणजे यंत्राचा मेंदू. या मोटरी म्हणजे हातपाय. आधी मेंदूचं बटण. त्याला जागं व्हायला थोडा वेळ लागतो. हिरवा दिवा लागला की मगच हातपायांचं बटण. आणि बंद करताना बरोबर उलटं. आधी हातपाय, मग मेंदू."

"तुमचे हातपाय तर मेंदूच्या आधी उठतात," सासूबाई म्हणत. "परवा सकाळी माझ्या चपला घालून कचेरीत गेलात."

"म्हणूनच यंत्रावर माझ्यापेक्षा चांगले संस्कार करतोय," संशोधक म्हणत. स्वतःची टिंगल इतरांनी करायच्या आत आपणच उरकून टाकावी, हा त्यांचा जुना शिरस्ता होता.

एवढे दिवस हे सगळं हसण्यावारी गेलं. पण आता गोष्ट वेगळी होती. बायको दातांची डॉक्टर. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दवाखान्यात राबून तिने सोमवारपासून स्वतःचा दवाखाना सुरू करायचं ठरवलं होतं. खुर्ची आली, दिवे आले, पडदे लागले. बोर्ड तेवढा बाकी होता, कारण संशोधकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "बाहेर द्यायचा नाही. मी करणार." तिच्या वडिलांनी जपून ठेवलेली सागाची फळी सासूबाईंनी कपाटामागून काढून दिली. फळी एकच होती. रविवारची दुपार झाली तरी ती कोरीच होती, आणि बायको काही बोलत नव्हती. ती बोलत नाही म्हणजे काय, हे संशोधकांना पक्कं ठाऊक होतं.

दुपारी कोरायला सुरुवात झाली. आधी मेंदू, मग हातपाय, सगळं शिस्तीत. फळीच्या मधोमध एक मोठी दाढ उमटली, मुळांसकट, इतकी सुरेख की बायकोही दारात येऊन थांबली.

"अहो, छान दिसतेय हो," ती म्हणाली.

दोन वर्षांत यंत्राबद्दल ती पहिल्यांदाच बरं बोलली होती. संशोधक चष्मा पुसत राहिले. ती गीझर लावून आत वळली. सासूबाईंनी उद्याच्या कपड्यांसाठी इस्त्री लावली. खाली अक्षरांना सुरुवात झाली, 'दातांचा' पूर्ण झालं, 'दवा' उमटलं, आणि खट्. यंत्र, गीझर आणि इस्त्री मिळून घराला झेपली नाहीत. मेन पडला.

अशा वेळी काय करायचं हेही संशोधकांनी घरात सगळ्यांना पाठ करून घेतलं होतं. मेन वर करण्याआधी हातपायांचं बटण बंद करायचं, नाहीतर वीज आल्याबरोबर हातपाय हलतील आणि मेंदू अजून डोळे चोळत असेल. पण 'दवा' अर्धवट राहिलेला पाहून ते धावत सुटले, त्यांनी गीझर तेवढा बंद केला आणि मेन वर केला. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

वीज आली. मेंदू झोपलेला होता. हुकूम आला नाही तर गप्प बसावं, हे शहाण्या नोकराला कळतं. या घरगुती ड्राइव्हांना मात्र हुकूम नाही म्हणजे मोकळं रान. कटर फिरत होता तसाच तिरका निघाला आणि फळी खरवडत थेट दाढेत घुसला.

"अहो!" बायको ओरडली.

संशोधक धावत आले. तेवढ्यात मेंदू जागा झाला, हिरवा दिवा लागला आणि कटर जागच्या जागी थांबला. आता काहीही न करणं एवढंच काम उरलं होतं. पण काहीही न करणं त्यांना कधी जमलं नव्हतं. त्यांनी झडप घालून बटण बंद केलं, तेही मेंदूचं.

कटर पुन्हा सुटला, या वेळी वाकडातिकडा होत मुळांकडे.

"जावईबापू, आधी हातपाय!" सासूबाई इस्त्री हातात घेऊन किंचाळल्या. "हातपाय!"

संशोधकांनी दोन्ही हात वर केले. शेवटी बायकोनेच पुढे होऊन मोटरींचं बटण बंद केलं. घरात एकदम शांतता झाली आणि भुसा सावकाश खाली बसला. दाढेत वरपासून मुळापर्यंत एक खोल, वेडीवाकडी चीर पडली होती.

"मी गाढव आहे," संशोधक म्हणाले. "गाढवाला निदान ओझं तरी नीट नेता येतं. तुझ्या बाबांची फळी होती गं."

बायकोने दिवा जवळ ओढला आणि चिरेवरून बोट फिरवलं.

"मुळापर्यंत गेलीय," ती म्हणाली.

"काढून टाकावी लागेल?"

"मी शक्यतो काढत नाही. वाचवायला बघते." मग ती हळूच म्हणाली, "अक्षरं पुरी करा. उद्या हाच बोर्ड लागणार. तुम्ही केलाय ना?"

संशोधकांनी आधी मेंदूचं बटण दाबलं आणि हिरवा दिवा लागेपर्यंत ते दोन्ही हात मागे धरून उभे राहिले.

सोमवारी बोर्ड लागला. बायको पांढरा कोट घालून बसली. बराच वेळ कुणी फिरकलं नाही आणि संशोधक बाहेरच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. मग पत्रं वाटणारा पोस्टमन सायकलवरून जाता जाता थांबला. बोर्डाकडे पाहत राहिला, गाल धरला आणि आत आला.

"डॉक्टर, बाहेर दाखवलंय ना, अगदी तसंच होतंय मला. इथून निघते ती कळ खालपर्यंत जाते. बाकी सगळ्या दवाखान्यांवर हसणारे दात असतात. दुखणारा दात इथेच बघितला."

त्याच्यामागून आणखी दोघं आले. बायकोने दारातून संशोधकांकडे पाहिलं, आणि ती हसली.

त्या आठवड्यात संशोधकांनी आपल्यावरचा विश्वास कायमचा काढून घेतला आणि यंत्राला एक रिले बसवला. आता मेंदू तयार आहे म्हटल्याशिवाय मोटरींना वीज मिळेना, आणि मेन पडून परत आला तरी कुणी मुद्दाम बटण दाबेपर्यंत त्या हलेनात. सासूबाईंनी मेन पुन्हा पुन्हा पाडून खात्री करून घेतली. यंत्र मालकाच्या मूर्खपणापासून पूर्ण सुरक्षित झालं.

आणि मग पलीकडच्या गल्लीतले हाडांचे डॉक्टर आले. त्यांना बोर्ड हवा होता. एक मोठं हाड आणि त्यात तशीच चीर.

संशोधकांनी मान वर करून काम घेतलं. संगणकावर मन लावून चीर काढली, शिस्तीत कोरली. डॉक्टरांनी फळी लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली.

"ही काढल्यासारखी दिसतेय हो. तुमच्या मिसेसच्या बोर्डावर आहे तशी पाहिजे. बघताक्षणी कळ यायला हवी."

"डॉक्टर, खरं सांगू का," संशोधक म्हणाले, "तशी हवी असेल तर मला पुन्हा एकदा मूर्ख व्हावं लागेल."

"द्या हो तशीच करून," आतून बायको म्हणाली. "त्याला काही वेळ लागायचा नाही."