वळूंच्या शेजारची केळ

माझ्या लग्नाच्या पंगतीत फैयाज सरांनी वाढप्याला अडवून विचारलं होतं, "हाथ कां थे?" म्हणजे आत्तापर्यंत तुझे हात कुठं होते? तो बिचारा म्हणाला, "बुंदीत." सरांनी खिशातून स्पिरिटची बाटली काढली, त्याचे दोन्ही हात पुसले आणि मगच ताटात जिलेबी घेतली. माझ्या सासरच्यांना अजूनही वाटतं की ते आरोग्य खात्यातले आहेत.

ते आहेत आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. विष्णुपुरीच्या रस्त्यावर आम्ही टिश्यू कल्चरची केळी करतो. कंदाच्या पोटातला नखाएवढा कोंब काढायचा, बाटलीत जेलीवर ठेवायचा, फुटवे आले की कापून नव्या बाटल्यांत लावायचे. भीती फक्त बुरशीची. एखादा कण आत गेला की बाटलीत केळीऐवजी कापूस उगवतो. म्हणून सर दारातच उभे असतात. एरवी आमच्याशी ते ठसठशीत नांदेडी मराठी बोलतात, पण "हाथ कां थे?" हे मात्र दखनीतच. एकदा खुद्द मालक कानात काडी फिरवत आले, तर त्यांनाही सरांनी नळाकडे पिटाळलं.

सरांनी लग्न केलेलं नाही. हात धुऊन धुऊन मुलगी कंटाळली असेल, असं आम्ही त्यांच्या माघारी म्हणायचो. खरं सांगायचं तर त्यांच्या घरी चहाला जायचीही कुणाची छाती होत नसे.

फळीच्या टोकाला ते काही बाटल्या वेगळ्या ठेवत. मी विचारलं तर म्हणाले, "आपाची केळ हाय ती." आपा म्हणजे भोकरला राहणारी त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा तिनंच त्यांना वाढवलं. तिच्या अंगणात बुटक्या, जाड सालीच्या, आंबटगोड केळीचं जुनं बेट होतं. असली केळी बाजारात कुणी विचारत नाही. मालक म्हणाले, "गिऱ्हाईक न्हाई तर फळी कशाला अडवता?"

सर भांडले नाहीत. त्यांनी ते कोंब बारक्या नळ्यांत भरून गोठवायचं ठरवलं. द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत कोंब वाढत नाही आणि मरतही नाही, आहे तसा थांबून राहतो. पण नायट्रोजनचा कॅन आमच्याकडे कुठला? तो असतो जनावरांच्या डॉक्टरकडे, वळू-रेड्यांचं वीर्य ठेवायला. सरांचा एक दोस्त तसा डॉक्टर होता. त्याच्या कॅनमध्ये, वळूंच्या शेजारी, आपाची केळ राहायला गेली.

पुढे भाच्यानं अंगणात फरशी बसवली आणि बेट उपटून टाकलं. तोवर आपाची आठवणही विरत चालली होती. ती सरांनाही ओळखेना. "मला साब म्हणून राहिली ती," एकदा ते मला म्हणाले. "पण सकाळी उठली की दारात जाऊन विचारते, मेरी केळ कां गई? तिचं इचारणं थांबायच्या आत लावायला पायजे." म्हणजे आता सगळी भिस्त त्या कॅनवर होती.

आणि नेमका तोच कॅन डॉक्टरच्या नव्या मदतनिसानं मोटारसायकलला बांधून नायगावला नेला. तिथं कुणाची तरी म्हैस माजावर आली होती. सरांनी स्कूटर काढली, मागे मी. आम्ही गोठ्यात शिरलो तेव्हा मदतनिसानं नळी हातात घेतलीच होती.

"थांब रे! केळ हाय ती!" सर ओरडले.

म्हशीच्या मालकानं आधी आमच्याकडे, मग म्हशीकडे बघितलं. "मंग रेडकू पिवळं झालं असतं का सायेब?"

मी हसून हसून खाली बसले. सर हसले नाहीत. नळी चटकन कॅनमध्ये सोडून ते कॅनला मिठी मारून शेणातच बसले. माझं हसू तिथंच विरलं.

त्यानंतर त्यांनी जास्त वाट पाहिली नाही. नळ्या कोमट पाण्यात सोडल्या, कोंब बाटल्यांत लावले. एकेक करत कोंब काळे पडत गेले. एक तेवढा हिरवा राहिला. तो बाटलीतून पिशवीत आला, शेडनेटखाली गुडघाभर झाला, तेव्हा आम्ही तो घेऊन भोकरला गेलो.

सरांनी पहार मागितली आणि थेट फरशी उचकटली. "मामू, नवी फरशी हाय!" भाचा कळवळला. सरांनी लक्षच दिलं नाही. ते उकिडवे बसून हातांनी माती उकरत होते, कोपरापर्यंत चिखल. आपा बाजेवर बसून बघत होती. रोप उभं राहिल्यावर ती उठली, पानावरून हात फिरवला. मग सरांकडे वळून परक्या माणसाला विचारावं तसं म्हणाली, "साब, चाय पिएंगे?"

सर हो म्हणून बाजेशेजारी बसले. सुनेनं आणलेला चहाचा कप आपानं हातात घेतला. सरांनी हात पुढे केला, तसा आपानं कप झटकन मागे ओढला.

"हाथ कां थे?"

सर शाळेतल्या पोरासारखे दोन्ही हात पुढे करून उभे राहिले आणि रडायला लागले. स्पिरिटची बाटली त्यांच्या खिशातच होती. आपानं पदरानं त्यांचं एकेक बोट पुसलं, नखंही बघितली, आणि मगच कप हातात दिला.