आबांनी विमा काढला

आबा निकम खुर्चीत बसल्या बसल्या ब्रेक मारतात. माझ्या दुकानातल्या प्लास्टिकच्या खुर्चीला ना इंजिन ना चाकं, पण रेल्वे फाटकाकडून कांद्याचा ट्रक जरा जोरात आला की आबांचा उजवा पाय फरशीवर करकचून दाबला जातो आणि तोंडातून निघतं, "सावकाश रं, मुडद्या!" ट्रक गेला की पाय सैल सोडतात आणि माझ्याकडे असं बघतात, की जणू आत्ता त्यांनीच मला वाचवलं.

लोणंदला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स नावालाच. रेल्वेची तिकिटं, दाखले, ऑनलाइन अर्ज आणि फुकटचे सल्ले, असा सगळा कारभार तिथं चालतो. आबा सकाळी चहा पिऊन येतात ते जेवायच्या वेळेपर्यंत हलत नाहीत. गिऱ्हाईक नसलं तरी दुकान भरलेलं दिसतं, एवढाच त्यांचा मला उपयोग. ते एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी पाटण, कोयनानगर, चिपळूण अशी घाटात गेली. एवढ्या नोकरीत गाडीला साधा ओरखडा आला नाही, हे ते न विचारता सांगतात. विचारलं तर जास्त वेळ सांगतात.

माणसांची पारखही त्यांची ड्रायव्हरचीच. एखाद्या चिक्कू माणसाबद्दल म्हणतील, "ह्यो उतारावर इंजिन बंद करणारा." तापट माणूस म्हणजे "रेडिएटरमधी पानी न्हाई." माझ्याबद्दल त्यांचं मत एकदा माझ्या बायकोसमोरच बाहेर पडलं. "दिनकर म्हंजे कायम न्यूट्रल. गाडी चालू, पर हालत न्हाई." बायकोला ते इतकं आवडलं की ती अजून वापरते.

अशा या आबांचं विम्याशी वाकडं. वर्षातून एकदा ते रेल्वेनं मिरजेला बहिणीकडं जायचे. तिकीट काढताना शेवटी मोबाइल विचारतो, प्रवासाचा विमा हवा का. काही पैशांचा मामला असतो, जग हो म्हणतं. आबा माझा हात धरायचे.

"चार-आठ आण्यात मरणाची भाषा कशाला? माझ्या मागं पन्नास-पन्नास मान्सं घोरत घाट उतरल्यात. त्यांचा विमा कुणी काढला हुता? मीच त्यांचा विमा!"

त्यावर बोलण्यात अर्थ नव्हता. मी नाहीवर खूण करायचो.

गेल्या वर्षी गावातल्या ज्येष्ठांची रामेश्वरची सहल ठरली. बस करून जायचं, वाटेत मदुराई, येताना कन्याकुमारी वगैरे. सहल काढणाऱ्यानं बजावून सांगितलं होतं, की सगळी वयस्कर माणसं आहेत, प्रत्येकानं प्रवासाचा विमा काढायचा. ते काम अर्थात माझ्या गळ्यात पडलं. सगळ्यांनी तासाभरात काढला. आबांनी आठवडा घेतला. रोज यायचे, खुर्चीत बसायचे आणि म्हणायचे, "हं, वाच पुढचं." मी एकेक कलम वाचायचो आणि ते एकेक निकालात काढायचे.

"सामान चोरीला गेलं तर भरपाई."

"माझ्या पिशवीत दोन पायजमे आन् दात घासायचा बुरुश. चोराचंच नुकसान हाय."

"प्रवासाला उशीर झाला तर पैसे मिळतात."

"आयला! ह्यो नियम आमच्या येळेला असता, तर निम्मा पाटण तालुका मी बंगल्यात बसवला असता."

"अपघातात हात, पाय, डोळा गेला तर…"

"पुढं चल."

मला राग यायचा. काढायचा नाही तर नाही म्हणावं, दुसऱ्याचा घसा कशाला कोरडा करावा? पण आबांना कुणीतरी काहीतरी वाचून दाखवत असलेलं बरं वाटत होतं. बायको जाऊन तीन वर्षं झालेल्या माणसाला वाचून दाखवलेलं काहीही चालतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

शेवटी एक कलम आलं. घरापासून लांब प्रवासात दवाखान्यात पडावं लागलं आणि तिथला मुक्काम पाच दिवसांच्या वर गेला, तर घरातल्या एका माणसाचा यायचा-जायचा खर्च कंपनी देते.

बाहेरून एक ट्रक धडधडत गेला आणि त्यांचा पाय जागचा हलला नाही.

"परत वाच."

मी परत वाचलं.

"घरातलं म्हंजे कोण?"

"बायको, मुलगा, मुलगी."

"पोरगा धरत्यात?"

"धरतात की."

"आन् पुण्याच्या दवाखान्यात पडलं तर?"

"पुणं जवळ पडतं आबा. लांब पाहिजे, असं लिहिलंय."

"रामेश्वर?"

"रामेश्वर म्हणजे चांगलंच लांब."

"मग काढ," आबा म्हणाले.

मी मनात खूश झालो. आठ दिवसांच्या माझ्या वाचनाचा परिणाम झाला, असं मला वाटलं. माणूस स्वतःवर किती सहज खूश होतो बघा.

इथं संतोषबद्दल सांगायला हवं. संतोष हा आबांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत आहे. लोणंदहून पुणं म्हणजे काही काशी नव्हे. सकाळी निघावं, वडिलांबरोबर जेवावं आणि संध्याकाळच्या चहाला परत घरी. पण आईच्या वर्षश्राद्धाला येऊन गेल्यानंतर संतोष फिरकला नव्हता. फोन करायचा, पैसे पाठवायचा, दिवाळीला कुरिअरनं शर्ट यायचा. भांडण म्हणाल तर झालेलं नव्हतं. भांडण असतं तर बरं होतं. चार माणसं मध्ये घालून मिटवता आलं असतं.

सहल निघाली. सगळ्यांचे कागद सांभाळायला म्हणून मीही बसमध्ये होतो. आबांनी ड्रायव्हरच्या मागची जागा पकडली आणि सातारा यायच्या आत त्याला गिअर कधी बदलायचा ते शिकवायला सुरुवात केली. कर्नाटकात शिरल्यावर ड्रायव्हरनं बस बाजूला घेतली, चावी काढून हातात धरली आणि म्हणाला, "ह्या म्हाताऱ्याला मागं बसवा, न्हाईतर मी उतरतो." आबांना शेवटच्या सीटवर पाठवलं. तिथूनही ते ब्रेक मारतच होते. पुढच्या सीटवरच्या काकू मदुराईपर्यंत दत्ताचं नाव घेत बसल्या.

पुढं त्यांची सुटका झाली. मी रामेश्वरापर्यंत गेलोच नाही. मदुराईत पोचता पोचता आबांना सडकून ताप भरला, श्वास लागला. डॉक्टरांनी न्यूमोनिया सांगितला आणि भरती करून घेतलं. बाकीचे तरी किती थांबणार? बस पुढं जाणार होती आणि कुणीतरी मागं राहायला हवं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. विमा मी काढला होता ना, मग निस्तरायचंही मीच! आयुष्यात एकदा रामेश्वर बघायचं ठरवलं होतं, ते दवाखान्याच्या बाकड्यावर बसून संपलं.

मी बाहेर जाऊन संतोषला फोन लावला.

"बापरे!" तो म्हणाला. "काका, तुम्ही मागे म्हणाला होता, विमा काढलाय ना?"

"काढलाय."

त्यानं सोडलेला सुस्कारा मला लोणंद-पुण्याच्या अंतरावरून नव्हे, थेट मदुराईत ऐकू आला. "मग प्रश्नच मिटला. कॅशलेस होईल सगळं. बरं झालं काढलात. विमा नसता तर मला हातातलं सगळं टाकून पळत यावं लागलं असतं."

मी त्याला तिकिटाच्या कलमाचं सांगितलं. "हो का? बघतो," तो म्हणाला. "पण रजेचं अवघड आहे. काही लागलं तर कळवा."

आत गेलो. आबांना ऑक्सिजन लावलेला होता. नळी बाजूला करून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तिकिटाचं सांगितलंस का?"

"सांगितलं."

"पाच दिसांच्या वर व्हाया पायजे, ते?"

"ते पण."

"मग हुईल," आबा म्हणाले आणि डोळे मिटले. तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. आठ दिवस वाचून घेतलेल्या त्या सगळ्या जंजाळातून या माणसानं स्वतःसाठी एवढंच निवडलं होतं.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. डॉक्टर तरुण, हसरा. तपासून म्हणाला, आता गोळ्यांवर जमेल, उद्या जाऊ शकता. आबांनी एवढा खोकला काढला की शेजारचा पेशंट उठून बसला. मग आपल्या हिंदीत म्हणाले, "डाक्टरसाब, इंजिन में अभी आवाज है. घाट नहीं चढेगा." डॉक्टरला आबांइतकंच हिंदी येत होतं. त्यानं पुन्हा छातीला नळी लावली, आबांचं वय बघितलं आणि राहू द्या म्हणाला. पुढचे दिवस आबांनी असेच एकेक करून मिळवले. डॉक्टर दारात दिसला की खोकला चालू, गेला की बंद.

याच मुक्कामात सर्जेराव भेटले. विटा-खानापूरकडची सोनं गाळणारी आपली माणसं तिकडं गावोगाव आहेत. सर्जेराव त्यातलेच, मदुराईत दुकान थाटून बसलेले. कुणीतरी मराठी म्हातारा दवाखान्यात आहे, एवढं त्यांना वॉर्डातल्या माणसाकडून कळलं आणि संध्याकाळी ते जेवणाचा डबा घेऊन हजर. डब्यात भाकरी!

"गाव कंचं म्हणायचं?"

"लोणंद."

"म्हंजे आपलंच की!"

खानापूर ते लोणंद हे अंतर काही थोडं नाही, पण मदुराईतून बघितलं की सगळं आपलंच दिसतं. सर्जेराव रोज यायचे. डबा उघडून द्यायचे, आबांची पाठ चेपायचे. रोज विचारायचे, "आवं आबा, घरचं कोन येतंय का न्हाई?"

"पोरगं येतंय की. वाटंत हाय," आबा सांगायचे.

पाच दिवस उलटले त्या सकाळी आबांनी न्हावी बोलावून दाढी करून घेतली. दिवाळीला कुरिअरनं आलेला शर्ट पिशवीतून काढून घातला. पलंगाजवळच्या खुर्चीवर माझी पिशवी होती, ती उचलायला लावली. मग म्हणाले, "लाव त्याला फोन. आन् मोठ्यानं ऐकू येईल असा लाव."

मी टाळत होतो, पण लावला.

"बाबा! कसे आहात? एसी रूम आहे ना?" संतोषचा आवाज मोकळा होता. "आज-उद्या सोडतील ना? मस्त. खरं सांगू का, विमा होता म्हणून मी एकदम निर्धास्त होतो. एवढे दिवस शांत झोप लागली बघा."

आबांनी माझ्याकडे बघितलं नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाले, "व्हय, झोपत जा येळच्या येळी. तुला लय जागरणं हुत्यात. आरं, एवढ्या लांब कशाला येतुस? हितं काय बघायला हाय? व्हय. व्हय. ठेवतु."

फोन बंद झाल्यावर त्यांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं. मग म्हणाले, "त्यो लहान असताना मी मुक्कामी गाडीवर. कोयनानगरला गाडी लावायची आन् तिथंच झोपायचं. आठ-आठ दिस घरी न्हाई. पोरगं दारात बसायचं म्हणं, त्याची आई सांगायची." आणि पुढं, "तवा त्यानं तर कुठं विचारलं मला, का आला न्हाईस म्हणून."

एवढ्यात सर्जेराव डबा घेऊन आले. "आला का पोरगा?"

"मीच नगं म्हणलं त्याला," आबा म्हणाले. "कामाचं मानूस हाय. चार लोक त्याच्यावर अवलंबून हायेत. बसा, बसा." आणि ती मोकळी केलेली खुर्ची त्यांनी सर्जेरावांपुढं सरकवली.

मला संताप आला. संतोषचा आला, त्या कंपनीचा आला, आबांचाही आला. एवढं झाल्यावर माणसानं पोराला दोन शिव्या तरी हासडाव्यात! ज्या तोंडानं ट्रकवाल्यांना मुडदे म्हणतात, त्या तोंडातून पोराविषयी एक वाकडा शब्द निघाला नाही.

आता लोक दुकानात येऊन मला विचारतात, दिनकरराव, प्रवासाचा विमा काढावा का हो? उपयोग होतो का? होतो. आबांचं सगळं बिल भागलं. खोली चांगली मिळाली, औषधं मिळाली, खिशाला चाट बसली नाही. एकही कलम खोटं निघालं नाही. तिकिटाचं कलमही खरंच होतं, ते मागायला कुणी आलं नाही, एवढंच.

परवा सहलवाल्यानं गिरनारची सहल जाहीर केली. आबा सकाळीच आले आणि म्हणाले, "माझं नाव घाल." म्हटलं, आबा, छाती आत्ताशी कुठं सुधारलीय, हजारो पायऱ्या आहेत. "तू नाव घाल," ते म्हणाले. मी घातलं आणि सवयीनं विम्याचं पान उघडलं. आबांनी माझा हात धरला.

"विमा नगं."

"का? गेल्या खेपेला एवढा उपयोगाला आला की!"

"त्योच घोळ झाला न्हवं," आबा शांतपणे म्हणाले. "विमा हाय म्हणल्यावर पोरगं निवांत ऱ्हायलं. या बारीला त्याला जरा घोर लागू दे. मग यील."

मला ठाऊक होतं, विमा नसला तरी संतोष बसल्या जागेवरून पैसे पाठवून मोकळा होईल. दवाखान्यात एखादी बाई ठेवील, दिवसातून दोनदा फोन करील आणि पुण्यातच राहील. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. पण आबा इतक्या खात्रीनं बघत होते, की मी ते पान बंद केलं.

"काढत नाही," मी म्हटलं. "येईल तो."

"यील की," आबा म्हणाले. "न येऊन सांगतो कुणाला?"