कासरा परक्या हातात

मगदूम सर छत्री विकत घ्यायला गेले की ती स्वतः कधी उघडून बघत नसत. दुकानासमोरून जाणाऱ्या एखाद्या माणसाला थांबवायचे आणि म्हणायचे, "पाहुणं, एवढी उघडा बरं." तो माणूस गोंधळून छत्री उघडायचा. उघडताना अडखळला किंवा त्याचं बोट चिमटलं, की सर दुकानदाराला म्हणत, "ठेवा आत. दुसरी काढा." सांगलीच्या पेठेतले छत्रीवाले त्यांना लांबून ओळखत. एकाने तर त्यांना येताना पाहून भरदुपारी दुकान बंद केलं, असं कॉलेजात सांगत. खरंखोटं मला माहीत नाही.

सर आम्हाला संख्याशास्त्र शिकवत. मी अर्थशास्त्रात एम. ए. करत होतो. कवठे महांकाळजवळच्या आमच्या गावातून निघून कॉलेजपर्यंत पोचलेला मी घरातला पहिलाच. त्यामुळे सरांच्या अशा वागण्याला हसायचं असतं की नाही, हे सुरुवातीला मला कळत नसे. शिकलेली माणसं अशीच छत्री घेत असतील, असंही वाटायचं.

त्यामागचं कारण त्यांनीच एकदा सांगितलं. त्यांचे वडील मिरजेच्या बाजूला बैलांचा व्यापार करत. "मालकाच्या हाताला बैल गुणीच असतोय," सर म्हणाले. "हाक मारली की वळतोय, थांब म्हटलं की थांबतोय. आमचं आण्णा काय करायचं? कासरा काढून घ्यायचं आन् बाजारात भाजीला आलेल्या कुणाच्याबी हातात द्यायचं. त्या हाताला चालला तर बैल खरा."

हा नियम त्यांनी माणसांनाही लावला होता. भाचीला स्थळ आलं तेव्हा सर मुलाला बघायला गेलेच नाहीत. त्यांनी शेजारच्या एका म्हातारीला त्याच्या दुकानावर पत्ता विचारायला पाठवलं. मुलगा गिऱ्हाईक सोडून उठला आणि तिला हाताला धरून चौकापर्यंत पोचवून आला. सर म्हणाले, "साखरपुड्याचं बघा."

संध्याकाळी कॉलेज सुटलं की त्यांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. हाताने दांडा फिरवायचं एक गणनयंत्र होतं, त्याचा खडखडाट पार व्हरांड्यापर्यंत ऐकू यायचा. प्रबंध लिहिणारे सगळे विद्यार्थी तिथे आकडे घेऊन बसत. सर प्रत्येकाला विचारत, "कितवा महिना?" प्रबंधाला ते बाळंतपण म्हणत. मुली लाजायच्या, मग त्यांनाही सवय झाली. सरांच्या पत्नी वारल्या होत्या, मूलबाळ नव्हतं. रात्रीचा डबा येईपर्यंत ते आमच्यात असत.

पुढे आमच्या कॉलेजला पुण्याच्या एका केंद्रातला कॉम्प्युटर वापरायची परवानगी मिळाली. आकडे कार्डांवर भोकं पाडून न्यायचे आणि हिशेबाच्या तयार आज्ञांचा संच, म्हणजे पॅकेज, वापरून उत्तरं काढायची. केंद्राकडे अशी दोन पॅकेजं होती. कॉलेजने त्यातलं एकच निवडावं, असं त्यांनी कळवलं होतं. निवड सरांकडे आली.

पहिल्या पॅकेजला सरांनी त्या जातिवंत बैलांवरून नाव ठेवलं खिल्लार. दिसायला देखणं. लांबलचक तक्ते, आखीव छपाई, आणि करू शकत नाही असा हिशेब नाही. पण त्याच्या आज्ञा म्हणजे सगळी आकड्यांची सांकेतिक भाषा. ती सरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्यात राहून शिकून घेतली होती. आमच्या भागात ती येणारे ते एकटेच. दुसरं पॅकेज गावठी. हळू चालणारं, थोडकेच हिशेब येणारं. त्याला मात्र साध्या इंग्रजी शब्दांत काम सांगता येत असे.

स्टाफरूममध्ये अर्थशास्त्राचे कुलकर्णी सर माझ्यादेखत त्यांना म्हणाले, "खिल्लार घ्या, मगदूम. तुमच्याशिवाय इथलं पान हलणार नाही. त्या गावठीला तुमची गरजच काय? पोरं परस्पर पुण्याला जातील आणि तुम्ही संध्याकाळी माश्या मारत बसाल."

सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग माझ्याकडे वळले.

"तुझं बाळंतपण कुठवर आलंय?"

"आकडे गोळा झालेत, सर."

"मग कासरा तुझ्या हातात. दोन्ही तूच चालवायचीस. मी हात लावणार न्हाई."

मी घाबरलो. "सर, माझ्यापेक्षा हुशार मुलं आहेत वर्गात."

"हायेत की," सर म्हणाले. "म्हणून तर तू."

माझे आकडे आमच्याच गावच्या ज्वारीचे होते. कोणत्या शेतात कोणत्या साली किती पिकली, हे मी घरोघर फिरून विचारलं होतं. भोकं पाडून त्यांची कार्डं केली, गठ्ठ्याच्या कडेवर तिरकी रेघ ओढली, म्हणजे क्रम चुकला तर लगेच कळतो, आणि डब्यात भरून सरांबरोबर एस. टी.त बसलो. कंडक्टरने डबा बघितला.

"काय हाय ह्यात?"

"ज्वारी," सर म्हणाले.

कंडक्टरने झाकण उघडून एक कार्ड उजेडात धरलं. "उंदरानं लय खाल्लीया की वो."

सर इतके हसले की साताऱ्यापर्यंत अधूनमधून त्यांचे खांदे हलत होते.

केंद्रात चपला बाहेर काढाव्या लागल्या. आतल्या गारव्यात मी कुडकुडत आज्ञा लिहिल्या. सर दाराजवळच्या स्टुलावर हात मांडीखाली घेऊन बसले होते. माझी चूक दिसली की त्यांची मान पुढे यायची, पण तोंड उघडलं नाही.

खिल्लारने सुंदर तक्ते दिले. मी ते वाचले. तक्त्यांच्या म्हणण्याप्रमाणे आमच्या गावात ज्वारी जवळजवळ होतच नव्हती.

"आमच्याकडे एवढी वाईट नाही हो, सर," मी म्हणालो. मला गावाचाच अपमान झाल्यासारखं वाटत होतं.

दोघांनी बसून शोधलं. दुष्काळाच्या साली कित्येकांनी पेरणीच केली नव्हती. त्यांच्या कार्डावर मी ती जागा कोरी सोडली होती. खिल्लारने कोरी जागा शून्य धरली. म्हणजे न पेरलेल्या शेतातही त्याने पेरणी केली आणि पीक बुडवलं. सरांनी चालवलं असतं तर तिथे 'माहिती नाही' असं सांगणारा खुणेचा आकडा घातला असता, आणि कुणाला काही कळलंही नसतं.

गावठीने मला दोनदा परत पाठवलं. कुठल्या कार्डावर चुकलो तेही सांगितलं. शेवटी उत्तर दिलं, आणि त्याखाली, इतक्या जागा कोऱ्या होत्या, त्या हिशेबात धरल्या नाहीत, असं छापलं. सरासरी वडील सांगतात तशीच आली. मी कागद सरांकडे दिला.

प्राचार्यांच्या बैठकीला सरांनी मलाही नेलं. त्यांनी एवढंच सांगितलं, "गावठी."

"पण खिल्लार तुम्हाला उत्तम येतं," कुलकर्णी सर म्हणाले.

"म्हणूनच न्हाई," सर म्हणाले. "मी काय जन्मभर ह्यांच्या मागं कासरा धरून फिरणार?"

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना गावठी शिकवलं. कुणी त्यांच्याकडून उत्तर मागितलं तर म्हणत, "मशीनला विचार." हळूहळू मुलं जोडीजोडीने पुण्याला जायला लागली. व्हरांड्यातून जाताना सरांच्या खोलीतून आवाज येईनासा झाला.

माझ्या प्रबंधाचं शेवटचं काम मी एकट्याने पुण्याला जाऊन केलं. आमच्या घरात सहीच्या जागी अंगठा उठवायची रीत होती, आणि मी कॉम्प्युटरला इंग्रजीत काम सांगून आलो होतो. परत आल्यावर कागदांची भेंडोळी घेऊन थेट सरांच्या खोलीत गेलो. ते एकटेच होते. दिवाही लावलेला नव्हता. तो त्यांनी मला बघून लावला.

त्यांनी एकेक पान सावकाश वाचलं. बोट खाली खाली सरकत गेलं आणि कुठेच थांबलं नाही.

"कुठं अडलं न्हाई?"

"नाही, सर."

"कुणाला विचारलंस?"

"कुणालाच नाही."

"शाब्बास," ते म्हणाले. त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला वर बघवेना. त्यांनी कागदांची नीट घडी घालून माझ्या हातात दिली. मी नमस्कार करून दारापर्यंत गेलो.

"आरं," सर मागून म्हणाले. "तुमच्या विहिरीचं खोदकाम चाललं हुतं न्हवं? लागलं का पाणी?"

वडिलांनी शेजाऱ्याकडून लिहवून घेतलेलं पत्र आलं होतं. पाणी लागलं होतं. एका शब्दात सांगून मला गावाकडची शेवटची एस. टी. गाठता आली असती. मी परत आलो, खुर्ची ओढून बसलो, आणि पहिली कुदळ कुणी मारली तिथपासून सांगायला सुरुवात केली.