माणिकराव अंग सैल सोडतात

माणिकरावांनी आपले खांदे खाली आणायचं ठरवलं, आणि तिथूनच सगळा घोटाळा सुरू झाला.

हे खांदे कानांना जाऊन भिडले होते ते तिकडे जर्मनीची लढाई पेटल्यापासून. आता जर्मनी कुठं अन् आपलं गोरेगाव कुठं! पण काळजी करायला माणिकरावांना जवळचाच विषय लागे असं काही नव्हतं. बाँब पडला तर नेमका आपल्याच कडब्याच्या गंजीवर पडेल, या धास्तीनं त्यांच्या मुठी आवळलेल्या, दात आवळलेले आणि पाठ फळीसारखी ताठ.

हकीम खाजा मियांनी ती पाठ दाबून पाहिली (बोट हकिमांचंच दुखलं) आणि ते म्हणाले, "पाटील, दवा न्हाई देत. एकेक अवयव आधी गच्च आवळा, मग असा सोडा, जसा तुमचा न्हाईच. पायाच्या अंगठ्यापासून सुरू करा."

कडू काढा प्यायचा नाही, हे ऐकूनच माणिकरावांना निम्मा आराम पडला. उरलेला निम्मा त्यांनी दुसऱ्या दिवशी गाडीत मिळवायचं ठरवलं. आणि दिवस कोणता निवडावा माणसानं? बायकोच्या भाच्याच्या बारशाचा!

गोजरबाईच्या भावाला सेनगावात कितीतरी वर्षांनी पोरगं झालं होतं. नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि गोजरबाईला आपल्या वारलेल्या बापाचं नाव ठेवायचं होतं, संतराम. बाप गेल्यापासून तिनं ते मनात जपून ठेवलं होतं. पण आत्या होत्या दोन. धाकटी नीलाबाई सेनगावातच नांदत होती.

"दुपारच्या आत पोचलो न्हाई, तर नीला तिचं ते मोहन ठेवून मोकळी व्हईल," गोजरबाई गाडीत बसताना म्हणाली. "कासरा नीट धरा. झोपू नका."

"झोपतो काहून? आमी फकस्त सैल पडणार हाव."

रात्रभर बाळाची कुंची शिवत बसलेली गोजरबाई गाव संपायच्या आत पेंगली. मग माणिकरावांनी अंगठे आवळले आणि सोडले. पोटऱ्या आवळल्या, सोडल्या. हवेला ओल्या गवताचा वास होता, चाकं कुरकुरत होती, बैलांच्या घुंगरांचा आवाज हळूहळू दूर गेल्यासारखा वाटायला लागला. गुडघे कुणाचे? माहीत नाही. पोट कुणाचं? असेल कुणाचं तरी. खांदे खाली उतरले, अगदी पिसासारखे, आणि माणिकरावांना वाटलं की आपण गाडीत नाहीच, एका मोठ्या ढगावर पडलोय आणि ढग स्वतःच वाट काढून राहिलाय. जर्मनी नाही, कडबा नाही. मुठी राहिल्या होत्या. त्यांनी मुठी आवळल्या. आणि मुठी सोडल्या.

मुठीत कासरा होता.

बैल लाल, देखणे, नुकतेच पुसेगावच्या भावसिंगकडून आणलेले. कासरा ढिला पडलेला बघून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं असेल नसेल, पण फाट्यावर सेनगावची वाट सोडून त्यांनी सरळ आपलं माहेर गाठलं. माहेरची ओढ काय एकट्या बाईलाच असते?

"माणिकराव!" भावसिंग ओरडला. "बैल परत करून राहिले का? काय खोट निघाली?"

माणिकरावांनी डोळे उघडले. बैल जुन्या दावणीला वैरण खात होते.

"हे सेनगाव हाय?" गोजरबाई दचकून उठली.

"न्हाई वहिनी, पुसेगाव."

गोजरबाईनं नवऱ्याकडे पाहिलं. माणिकरावांचे खांदे तिथल्या तिथं पुन्हा कानांना टेकले.

बैल घरून हलायला तयार होईनात. भावसिंग बिचारा सेनगावपर्यंत त्यांच्यापुढे चालत आला, तेव्हा कुठं गाडी पोचली. दुपार कधीच कलली होती, पाळणा हलत होता आणि बायका 'मोहन, मोहन' करून राहिल्या होत्या. गोजरबाई उंबऱ्यातच बसली आणि ढसाढसा रडली. "माझ्या बापाचं नाव ऱ्हायलं गं!"

नीलाबाई धावत आली. "अगं आक्का, रडती काहून? मुहूर्त टळून चालला म्हणून म्या डाव्या कानात सांगितलं. उजवा कान तुझाच ठेवलाय. बाप काय तुझा एकटीचाच व्हता व्हय?"

गोजरबाईनं डोळे पुसले, पाळण्यावर वाकली आणि उजव्या कानात कुर्रर्र करून 'संतराम' म्हणाली. पोरगं हसलं. आता नाव ठेवणाऱ्या आत्याच्या पाठीत बायकांनी बुक्क्या घालायच्या, ही रीतच आहे. सगळ्याजणी पदर खोचून पुढं आल्या.

"थांबा," गोजरबाई म्हणाली. "माझ्या वाट्याच्या ह्यांना घाला."

घरचा जावई! इतकी वर्षं त्याला कुणी 'अहो' शिवाय हाक मारली नव्हती. अशी संधी कोण सोडतं? धबाधब बुक्क्या बसल्या. आणि माणिकरावांची फळी कडाकडा मोडली. मान सुटली, खांदे उतरले, पाठीचा मणका न् मणका मोकळा झाला. डोळे मिटून, पुन्हा त्याच ढगावर, ते तृप्तपणे पुटपुटले, "वाह! पुढल्या साली बी एक बारसं व्हऊ द्या."

बाळाची आई, अकरा दिवस धड न झोपलेली, अंथरुणातून उठली आणि सगळ्यात जोराची बुक्की तिनं घातली.