एकरी किती टेस्ला?

अकोल्याला ताईकडे गेलं की आधी दारातच अंग मोजून घ्यावं लागायचं. भाऊजी तुराटीच्या लांब काडीच्या टोकाला मोबाइल बांधून तो पाहुण्याच्या खिशांवरून, पट्ट्यावरून, पिशवीवरून फिरवायचे. आकडा वाढला की वस्तू ओट्यावर. एका खेपेला माझा पट्टा तिथेच राहिला आणि मी दिवसभर एका हाताने पँट धरून वावरलो.

हे सगळं माझ्यामुळे. ताईला पेसमेकर बसला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, दहा गॉसच्या वरचं चुंबक छातीजवळ नको. "हे गॉस मोजाचे कशानं?" भाऊजींनी मला विचारलं. त्यांना धीर यावा म्हणून मी त्यांच्या मोबाइलमध्ये चुंबक मोजणारं ॲप टाकलं आणि समजावत न बसता अमरावतीची बस पकडली.

भाऊजी जन्मभर बाजार समितीत मापाडी. "पयले माप बोला, भाव मंग!" हे त्यांचं पेटंट वाक्य. या माणसाने ॲपवरचा आकडा पाहिला आणि पुढचं माप पाहिलं नाही. ताईच्या पलंगाजवळ त्रेचाळीस! मिक्सर शेजाऱ्यांकडे गेला, लोखंडी कपाट अंगणात आलं. मग कुठेतरी त्यांनी वाचलं, जागा जितकी मोठी तितके चुंबकाचे वेबर जास्त. म्हणून ते आत येऊ नयेत यासाठी मोठ्या खिडकीवर सतरंजी ठोकली. अकोल्यात, मे महिन्यात.

"काल चक्कर आली मले," ताई फोनवर म्हणाली. "त्या मशीननं वाचलो, आता उकाड्यानं मरतो. तूच लावून देल्लं हे, तूच निस्तर." मी पहिल्या बसने निघालो.

"भाऊजी, आकड्यापुढे काय लिहिलंय?"

"हाये काहीतरी वाकडंतिकडं."

"ते मायक्रोटेस्ला. शंभर मायक्रोटेस्लाचा एक गॉस. शंभर किलोचा क्विंटल, तसं."

तुराटी खाली आली. "म्हंजे मी किलोले क्विंटल समजून राह्यलो?" भर बाजारात स्वतःचा काटा खोटा निघावा तसा चेहरा.

"त्रेचाळीस म्हणजे अर्धा गॉसही नाही. तेवढं पृथ्वीचंच असतं, मोकळ्या वावरातही येईल."

"अन् अख्खा टेस्ला?"

"दहा हजार गॉसचा. तो दवाखान्यातल्या एमआरआयच्या मोठ्या मशीनमध्ये."

"मंग खिडकीचं सांगा, साळेबुवा."

"टेस्ला म्हणजे एकरी उतारा, एका एकरात किती पिकलं ते. वेबर म्हणजे सगळ्या वावराचा माल. खिडकी मोठी, तर एकूण माल जास्त. एकरी तेवढंच. आणि डॉक्टरांनी सांगितलेले गॉस एकरीच."

मोबाइल आणि स्पीकर छातीपासून लांब ठेवायचे, हे पथ्य कायम, असं बजावून मी सतरंजी काढली. वारा आत आला. ताई खिडकीशी जाऊन बसली. भाऊजी मात्र जागचे हलले नाहीत.

"बावन्न असलं तं?" त्यांनी हळूच विचारलं.

"कुठे बावन्न?"

त्यांनी मांडीवर हात ठेवला. जुन्या अपघातानंतर तिथे सळई बसवली आहे. "मोजलं मी. माह्या अंगाजवळ बावन्न येते."

मग माझ्या लक्षात आलं. बाहेरच्या खोलीत एक गादी घातलेली होती, ती माझ्यासाठी नव्हती. पेसमेकर बसल्यापासून भाऊजी तिथे झोपत होते. ताईला सांगितलं होतं, आत गरम होतं.

"अर्ध्या गॉसच्या जरासं वर, भाऊजी. काही होत नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

त्यांनी गादी गुंडाळली, काखेत मारली आणि आत गेले.

"अजी, दुपारचे दोन वाजले!" ताई ओरडली.

"मंग? वाजू दे."

परतीच्या बसमध्ये मी मूर्तिजापूरपर्यंत शून्यं मोजत होतो. पक्कं म्हणालो खरा, पण एखादं इकडचं तिकडे झालं असेल तर? तेवढ्यात ताईचा फोन आला.

"काय झालं?"

"काही नाही रे," ती कुजबुजली. "हात धरून झोपले हे. चहा ठेवाचा होता मले."

"मग सोडव की हात."

"राहू दे," ती म्हणाली. "चहाले काय घाई हाये."